बर्फातलं काजळ

प्रज्ञेश दारातून आत येताना नेहमी थोडा वाकतो. दार ठेंगणं नसतं आणि तोही काही ताडमाड उंच नाही. पण सिडनीत क्वेकर्स हिलला आमच्या घराच्या मागच्या खोलीत तो भाड्याने राहायला आला, त्या दिवसापासून मी पाहत आलोय, दार आलं की याची मान खाली. भलत्याच प्रवेशाला रंगमंचावर आलेला नट कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून अंग चोरतो ना, तसा. माझं आयुष्य नाटक कंपनीत, विंगेत उभं राहून माणसं आत कशी येतात ते पाहण्यात गेलं. त्यामुळे मला माणसाचं बोलणं नंतर ऐकू येतं, येणं आधी दिसतं.

तेव्हा तो युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री शिकत होता आणि उरलेल्या वेळात सुपरमार्केटमध्ये शेल्फ भरायचा. सकाळी माझी लेक यामिनी कामाला निघायच्या आत आमचा ओटा पुसून ठेवायचा. ‘अरे, तू भाडेकरू आहेस, घरगडी नाहीस,’ असं ती ओरडायची. ‘नो वरीज, ताई,’ म्हणत हा पुसतच राहायचा. मुलगा खडकीचा. वडील लवकर गेले. आई, कमलाबाई, एका प्रसूतिगृहात आया होती, तिने एकटीने वाढवला. या देशात त्याने कधी कुणाकडे काही मागितलं नाही. जेवढी जागा मिळेल तेवढ्यात स्वतःला दुमडून बसवलं.

शिक्षण संपलं, लग्न झालं, करुणा आली आणि मग कळलं की सिडनीत त्याला स्पॉन्सर करणारं कुणी नाही. मिळालं ते डोंगरातलं काम. बर्फाच्या डोंगरांच्या पायथ्याशी जिंदाबाइन नावाचं गाव आहे, तिथं एका संशोधन संस्थेचं छोटं ठाणं होतं. तिथं टेक्निशियन. व्हिसाची अट ऐकायला सोपी होती. तीन वर्षं तिथंच राहायचं, त्याच मालकाकडे काम करायचं, मग कायमचं राहता येईल. मध्येच काम सुटलं तर नवा मालक शोधा, नाहीतर सामान बांधा. आणि कॉन्ट्रॅक्ट मात्र एकेका वर्षाचं.

‘तुरुंगासारखं वाटतं का रे?’ मी एकदा फोनवर विचारलं.

‘नाही काका. तुरुंगाची तारीख कुणी दरवर्षी बदलत नाही.’

त्याचं काम असं होतं. बर्फ पांढरा असतो तोवर ऊन परतवतो. त्यावर काजळी बसली की तो ऊन पितो आणि लवकर वितळतो. डोंगराखालच्या गावांत थंडीत घरोघरी लाकडं पेटतात, वणवे लागू नयेत म्हणून सरकारी माणसं पानगळीच्या दिवसांत रानात मुद्दाम जाळ लावतात, त्या सगळ्याचा धूर वर जाऊन बर्फावर बसतो. हे इथं शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. प्रश्न त्याच्या पुढचा. बर्फ वितळायला लागला की या काजळीचं होतं काय? पाण्याबरोबर ती खाली झिरपून गेली तर वरचा बर्फ पुन्हा पांढरा होतो आणि टिकतो. पण ती वरच बसून राहिली, तर वितळणाऱ्या प्रत्येक थराची काजळी तिला येऊन मिळते, बर्फ आणखी काळा होतो, आणखी वेगाने वितळतो. धरणवाल्यांना हे हवं होतं, कारण डोंगरातलं पाणी कधी आणि किती जोराने येणार ते यावर ठरतं.

म्हणून प्रज्ञेश काय करायचा, तर एका थंडगार खोलीत प्लॅस्टिकच्या जाड नळ्यांमध्ये बर्फ भरायचा, वर काजळीचं पाणी फवारायचा, वरून दिवा लावून हळूहळू वितळवायचा आणि तळाला थेंबाथेंबाने पडणारं पाणी बाटलीत धरायचा. मग उरलेला बर्फ सुरीने काकडीसारखा चकत्यांमध्ये कापायचा, एकेक चकती वितळवून पांढऱ्या गोल कागदातून गाळायचा. कागदावर करडे ठिपके उमटत. ते ओळीने मांडले की काजळी कुठवर पोचली ते उघड्या डोळ्यांना दिसे.

तिथल्या तिसऱ्या वर्षी जुलैत, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, त्याचा फोन आला. ‘काका, आई आलीय. करुणाला सहावा महिना लागेल, म्हणून बोलावलं. पण आम्ही दोघंही दिवसभर कामावर. आईला बर्फावर चालवत नाही, घरातून बाहेर पडता येत नाही. बोलायला कुणी नाही. तुम्ही याल का थोडे दिवस?’

मी गेलो. बस डोंगर चढून तळ्याकाठी आली तेव्हा शेजारच्या बाईने सांगितलं की जुनं गाव या तळ्याखाली आहे, धरण बांधलं तेव्हा बुडवलं. कमलाबाईंनाही ते कुणीतरी सांगितलं होतं. खिडकीतून तळं दिसायचं, पण त्या खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायच्या. ‘भाऊ, त्या पाण्याकडं बघवत नाही. माणसांची चुलाणी हायेत खाली.’

घर छोटं. शेल्फवर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो. एका खोलीत लाकडाचा हीटर, बाकीच्या खोल्यांत दात वाजायचे. त्यामुळे सगळं जगणं त्या एका खोलीत. कमलाबाईंनी आयुष्यभर इतरांच्या बाळंतिणींची कामं केली होती आणि आता स्वतःच्या सुनेसाठी करायला गेल्या तर प्रत्येक गोष्टीला नन्ना. करुणा गावातल्या फार्मसीत फार्मासिस्ट. ती गोड हसून नाही म्हणायची.

‘डिंकाचे लाडू?’

‘बाळंतपणानंतर, आई. आत्ता शुगर बघतायत माझी.’

‘बरं, बाळासाठी काजळ तरी करून ठेवते.’

‘काजळ नाही हं. डोळ्यांत काही घालायचं नाही, इथली नर्स पहिलं तेच सांगते.’

‘अगं, मी काय दृष्ट-बिष्ट मानणारी आहे का? तीट लावते का मी? डोळ्याला थंडावा म्हणून. आमच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या नातवालासुद्धा माझंच काजळ होतं.’

‘आणि मग त्या नातवाला चष्मा कधी लागला?’

मी हसलो. कमलाबाईही हसल्या, पण पदर सारखा करत आत निघून गेल्या. सकाळी भांडी घासून झाली की त्यांच्या हातांना दिवसभर काम नसे. ते दोन हात मांडीवर ठेवलेले मला पाहवत नसत.

तर अशा घरात, गॅरेजमध्ये, प्रज्ञेश पणती लावून काजळी धरायचा. कारखान्यातली तयार काळी भुकटी खऱ्या धुरासारखी वागत नाही, असं त्याच्या साहेबीणबाईंचं, ब्रॉन्विनचं म्हणणं. आणि ठाण्याच्या इमारतीत उघडी ज्योत चालत नाही. याने लहानपणी आईला पाहिलं होतं, तसं दोन विटांवर स्टीलची ताटली पालथी घालून खाली तेलाची पणती ठेवली. ब्रॉन्विन बघायला आली आणि टाळ्याच वाजवल्या म्हणे. पण काजळी ताटलीला घट्ट बसायची. रात्रीच्या जेवणाआधी हा चमच्याने खरवडत बसायचा, निम्मी हाताला, निम्मी जमिनीला. शेवटी त्याने आईला सांगितलं, ‘आई, दिवसभर जरा बघशील का? वात वर झाली तर सारखी कर.’

कमलाबाईंचा चेहरा त्या दिवशी जो उजळला, तो मी विसरणार नाही. स्वेटरवर स्वेटर, त्यावर शाल आणि डोक्याला मफलर बांधून त्या गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसल्या. मी शेजारी खुर्चीवर. त्या ज्योत राखायच्या आणि मी त्यांना दौऱ्यांच्या गोष्टी सांगायचो. नाटकाचा पडदा मध्येच अडकला तेव्हा काय झालं, नायिकेचा गजरा बकरीने कसा खाल्ला. त्या गालावर बोट ठेवून हसायच्या. मला वाटतं, त्या घरात त्या दिवसांत सगळ्यांत ऊबदार जागा ते गॅरेज होतं.

आणि कामही झकास व्हायला लागलं. संध्याकाळी प्रज्ञेश ताटली उलटायचा तर काजळी लोण्यासारखी सुटून यायची. ‘आई, तुझ्या हातात जादू आहे,’ असं तो म्हणाला. त्या नुसत्या मान हलवायच्या.

त्याआधी नळ्यांनी त्याला रडवलं होतं. एका नळीत काजळी थोडी खाली जायची, दुसरीत मध्येच थांबायची, तिसरीत भलतीकडेच पट्टा. ब्रॉन्विन वैतागली होती. तिलाही वरच्यांना काहीतरी दाखवायचं होतं. कॅनबेराची पैसे देणारी माणसं ऑगस्टअखेर ठरवणार होती की हे काम आणखी वर्षभर चालवायचं की बंद करायचं. चाललं तर प्रज्ञेशचं कॉन्ट्रॅक्ट वाढणार, फेब्रुवारीत त्याची तीन वर्षं पुरी होणार आणि बाळासकट हे सगळे मोकळे होणार. बंद झालं तर सप्टेंबरात, करुणाला आठवा लागलेला असताना, नवा मालक शोधत फिरायचं. घरात हे कुणी बोलत नसे. पण हीटरमध्ये लाकूड घालताना, डाळीला फोडणी देताना, सगळ्यांच्या मनात तेच.

आणि मग नळ्या एकदम शहाण्यासारख्या वागू लागल्या. एकामागून एक, प्रत्येक नळीत काजळी वरच. पाणी खाली स्वच्छ. पहिली चकती काळी कुळकुळीत, खालच्या सगळ्या पांढऱ्याशुभ्र. ब्रॉन्विनने त्याचा आलेख केला आणि एका शुक्रवारी कॅनबेराला पाठवून दिला. तिकडून लगेच उत्तर आलं की हे फार महत्त्वाचं आहे, काम थांबवू नका.

त्या संध्याकाळी प्रज्ञेश घरात आला तो न वाकता आला. मी पाहिलं. करुणाने चिकन केलं होतं. आम्ही चौघं हीटरसमोर ताटं मांडीवर घेऊन बसलो.

‘झालं ना एकदाचं?’ कमलाबाई म्हणाल्या. ‘मग आता तरी म्हणा, म्हातारीनं काजळ चांगलं धरलं म्हणून.’

‘काजळ नाही आई, सूट. म्हणजे काजळी.’

‘सूट म्हण नाहीतर बूट म्हण. तू धरायचास तेव्हा सगळं ताटलीलाच. तुपाचा हात फिरवल्याशिवाय कधी काजळ सुटतं का?’

प्रज्ञेशचा हात ताटात थांबला. ‘तूप?’

‘एवढंस्सं. बोटाला लागेल एवढं. आधी ताटलीला आतून चोळायचं, मग ज्योतीवर धरायची.’

‘कधी लावलंस?’

‘कधी म्हणजे? दर वेळी. मी काय एकदा नीट करून एकदा वंगाळ करणारी आहे?’

रंगमंचावर एक शांतता असते, नट संवाद विसरल्याची. प्रेक्षकांना आधी ती अभिनय वाटते. करुणाला तशीच वाटली. ती हसत हसत म्हणाली, ‘अरे, तोंड का असं केलंस?’ आणि मग तिचंही हसू गेलं. ती औषधं जाणणारी बाई. तूप आणि पाणी, एवढं तिला पुरे होतं.

‘बाटली जास्त हलवावी लागत होती,’ प्रज्ञेश हळूच म्हणाला. ‘काजळी पाण्यात मिसळतच नव्हती. मला वाटलं, ताजी काजळी आहे म्हणून. तेव्हाच कळायला हवं होतं.’

तो उठून स्वयंपाकघरात गेला, करुणा मागोमाग गेली. दार लोटलेलं, पण त्या घराच्या भिंती म्हणजे आमच्या नाटकाचा सेट.

‘कुणाला कळणार आहे?’ करुणा.

‘मला.’

‘तुला सगळंच कळतं रे. नोव्हेंबरात बाळ येणार, ते कळतं का?’

‘करुणा, ते धरणाचे लोक यावर हिशेब करतील. उद्या पाणी...’

‘तुझ्या एका आलेखावर धरण नाही फुटत! आणखी दहा जण तपासतील. फेब्रुवारीपर्यंत गप्प बस, मग सांग सगळ्या जगाला.’

त्यावर तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही.  कमलाबाई माझ्याकडे वळल्या. ‘भाऊ, मी काय बिघडवलं?’

त्यांना नळ्या, चकत्या, आलेख सांगून काय उपयोग? मी म्हटलं, ‘बाई, उन्हाळ्यात आमचे प्रयोग तंबूत व्हायचे. मिशा काढायच्या जळक्या बुचाच्या काजळीने. दुसऱ्या अंकापर्यंत घामाने मिशी ओघळून गळ्यापर्यंत यायची. मग आमच्या रंगभूषाकारांनी काजळीत थोडं तूप खलायला सुरुवात केली. घाम वरून घरंगळून जायचा, मिशी जागची हलायची नाही. तुमच्या मुलाला बघायचं होतं की बर्फाला घाम आला की काजळी ओघळते की नाही. आणि तुम्ही तुपातली मिशी लावून दिलीत.’

त्या हसतील असं मला वाटलं होतं.  पण त्या ताट खाली ठेवून म्हणाल्या, ‘म्हणजे बर्फाचं जे खरं बोलणं होतं, ते मी बोलूच दिलं नाही.’

दुसऱ्या दिवशी वादळ आलं. असं वादळ मी पूर्वी पाहिलं नव्हतं. बर्फ आडवा पडत होता. गाडी दारात होती तिचा उंचवटा झाला, मग उंचवटाही दिसेना. वीज गेली, फोन लागेना, रस्ता दोन्ही बाजूंनी बंद. आम्ही चौघं त्या एका खोलीत शनिवार-रविवार अडकलो, आणि मध्ये ती गोष्ट, पाचव्या माणसासारखी ऐसपैस बसलेली.

कुणाला कुठे जायलाच जागा नव्हती. करुणा सोफ्यावर पोटावर हात ठेवून पडून, तोंड सोफ्याच्या पाठीकडे. प्रज्ञेश खिडकीच्या काचेवरची वाफ पुसायचा, बाहेर पांढरं बघायचा, काच पुन्हा धुकट व्हायची, पुन्हा पुसायचा. मी पत्ते काढले. कुणी हात लावला नाही. मी एक विनोद सांगितला. माझ्या कारकिर्दीत मी पडलेली नाटकं पाहिलीत, पण इतका सपशेल पडलेला विनोद नाही पाहिला.

दुपारी कमलाबाईंनी बॅग काढली आणि साड्या भरायला लागल्या.

‘आई, हे काय?’ प्रज्ञेश म्हणाला.

‘मी जाते. माझ्यामुळं झालं.’

‘रस्ता बंद आहे.’

‘उघडला की जाते.’

‘आणि विमान?’

‘ते पण उघडंल की.’

सोफ्यावरून, तोंड न फिरवता, करुणा म्हणाली, ‘आई, तुम्ही गेलात तर नोव्हेंबरात मला गरम पाणी कोण देणार? हा? हा तर ते गाळून बघत बसेल.’

कमलाबाई बॅगेवर तशाच बसून राहिल्या. मग हसायला लागल्या, मग रडायला, आणि करुणा उठून त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. पण प्रज्ञेशशी ती तेव्हाही बोलली नाही. त्या दोघांमधली गाठ तिथंच होती. तिला तो गप्प राहायला हवा होता. आणि ते तिने आता तोंडाने मागायचं बंद केलं होतं, म्हणजे जास्तच मागत होती.

मी प्रज्ञेशला काही सल्ला दिला नाही. माझं वय झालंय, सल्ले द्यायला जीभ वळवळते. पण परदेशात पोटुशी बायको आणि टांगलेला व्हिसा घेऊन मी कधी राहिलो नव्हतो. दुसऱ्याच्या भूमिकेचे संवाद विंगेतून फार सोपे वाटतात.

सोमवारी बर्फ कापणारी गाडी येऊन गेली. आम्ही फावड्याने दारातली गाडी मोकळी केली, म्हणजे त्याने केली, मी टोपी धरून उभा राहिलो. तो म्हणाला, ‘काका, चला माझ्याबरोबर. एकटा असलो तर वाटेतून परत फिरेन.’

करुणाने डबा आणून दिला. शुक्रवारचं उरलेलं चिकन आणि भात. त्याच्या हातात देताना म्हणाली, ‘सांगायचंच असेल तर चोरी केल्यासारखं सांगू नकोस. चोरी केलेली नाहीस.’ आणि दार लावून घेतलं.

ठाणं म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. थंड खोलीला एक जाड काचेची खिडकी होती. मला बाहेर बाकावर बसवून प्रज्ञेश आत गेला. आत ब्रॉन्विन होती, उंच, पिकल्या केसांची, नाक लाल. आवाज बाहेर येत नव्हता. मी आयुष्यात पहिल्यांदा एका काचेमागे मूकनाट्य पाहिलं, ज्यातल्या एका पात्रासाठी माझा जीव टांगलेला होता.

तो बोलायला लागला. हात खिशात नव्हते, हे चांगलं. ती आधी नळीकडे बघत ऐकत होती, मग त्याच्याकडे वळली. त्याने उजव्या हाताची तर्जनी वर केली आणि तिच्या टोकावर अंगठा टेकवला. एवढंस्सं. ती त्या बोटाकडे बघत राहिली. मग तिने पाठ फिरवली, दोन्ही हात टेबलावर टेकले, मान खांद्यात गेली. कॅनबेराला गेलेला आलेख तिच्या पाठीवर लिहिलेला मला दिसत होता. तो तिथंच उभा. पुढे गेला नाही, मागे सरकला नाही. किती वेळ ते मला नाही सांगता येणार. काचेवर माझ्या श्वासाची वाफ धरली आणि मला ती पुसावी लागली.

मग तिने टेबलावरचे जुने गोल कागद ओढले, आई यायच्या आधीचे, आणि ती दोघं त्यांवर वाकली. ते पाहून मी श्वास सोडला. वाकून एकत्र बघायला लागलेली माणसं एकमेकांना हाकलत नाहीत. निदान त्या घटकेला तरी नाही.

बाहेर आल्यावर ती माझ्यासमोर थांबली. ‘तुम्हाला या तुपाचं ठाऊक होतं?’ तिने इंग्रजीत विचारलं.

‘मला फक्त मिशांचं ठाऊक आहे,’ मी म्हटलं. तिला काही कळलं नाही, पण ती हसली, दमलेलं हसू. मग प्रज्ञेशकडे वळून म्हणाली ते मला शब्दन् शब्द आठवतं. ‘मी आज कॅनबेराला कळवते, आलेख मागे घेतला म्हणून. एका वर्षाचं आता मागू शकत नाही. पुन्हा करायला म्हणून ख्रिसमसपर्यंतचं मागेन. तेवढंच जमेल, मेट. सॉरी.’

 घरी आल्यावर प्रज्ञेशने उभ्यानेच सांगितलं. ‘ख्रिसमसपर्यंत.’

करुणाने बोटांवर मोजलं नाही. तिला मोजायची गरजच नव्हती. ‘म्हणजे बाळ महिन्याचं. फेब्रुवारी दोन महिने लांब. महिन्याचं बाळ घेऊन कुठं जायचं, प्रज्ञेश?’

‘माहीत नाही.’

‘तरी सांगितलंस.’

‘हो.’

तिने त्याच्या हातातला रिकामा डबा घेतला आणि धुवायला नेला. नळ बराच वेळ चालू राहिला. मग आतूनच ओरडली, ‘माझ्या फार्मसीवाल्यांना विचारते. त्यांच्या कूमा गावातल्या दुकानात माणूस हवाय म्हणत होते. मला स्पॉन्सर केलं तर तू माझ्या व्हिसावर राहशील. मग बघ, रोज ओटा पुसायला लावते.’

तो व्हिसा मिळणार की नाही, हे अजूनही कुणाला ठाऊक नाही. मी हे लिहितोय तेव्हा कागद कुठल्यातरी ऑफिसात आहेत आणि ते तिघं त्याच एका खोलीत आहेत.

त्या संध्याकाळी प्रज्ञेशने गॅरेजमधली ताटली आणली. गरम पाणी, भांड्यांचा साबण, घासून धुतली, पुन्हा धुतली, बोट फिरवून करकर आवाज येतो का ते ऐकलं आणि आईच्या मांडीवर ठेवली.

‘उद्या लागेल. कोरडीच धर.’

कमलाबाईंनी हात मागे घेतला. ‘मला परत शिवू देतोस?’

‘दुसरं आहे कोण इथं?’ तो म्हणाला.

पुढल्या काही दिवसांत कोरड्या ताटलीवरची काजळी चमच्याने खरवडणं सुरू झालं. कमलाबाई स्वतः खरवडायच्या, हळूहळू, आणि तोंडाने त्या ताटलीला शिव्या द्यायच्या. मी निघण्याच्या आदल्या दिवशी प्रज्ञेश मला पुन्हा ठाण्यावर घेऊन गेला. नव्या काजळीची पहिली नळी कापून झाली होती. गोल कागद ओळीने मांडलेले. वरचा करडा, त्याखालचे फिके, आणि मग मध्येच, जिथं बर्फाचा एक थर कधीतरी वितळून पुन्हा काचेसारखा गोठला होता, तिथं एक काळा पट्टा. त्याखाली पांढरं. बाटलीतलं पाणी जवळजवळ स्वच्छ.

‘म्हणजे वर राहते की खाली जाते?’ मी विचारलं.

‘निघते,’ तो म्हणाला. ‘पण पोचत नाही. मध्ये अडकते.’

‘मग कॅनबेरावाले काय म्हणतील?’

‘काही नाही म्हणणार. याचा आलेख दिसायला वाईट आहे.’ त्याने तो काळा कागद चिमट्याने उचलून उजेडात धरला, जपून परत ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता असं मी म्हणणार नाही. पण तो त्या कागदाकडे बघत होता तेव्हा त्याला आजूबाजूला कुणाचीच गरज नव्हती.

‘आता?’

‘आता दुसरी नळी.’

मी बाहेर बाकावर येऊन बसलो. काचेतून तो दिसत होता. त्याने नळी उभी केली, वरून काजळीचं पाणी फवारलं, दिवा लावला. बर्फातून पहिला थेंब पडायला वेळ होता. त्याने स्टूल ओढलं आणि तो बसला.